नियमाची पोथी यजमानाच्या हातीं

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायासनापुढें चालत नाहीं, हें तत्त्व आपण शाळेंत नागरिकशास्त्राच्या तासाला शिकतों आणि पुढें जन्मभर त्याचा अनुभव घेतों. तत्त्व कठोर असलें तरी अन्यायाचें नाहीं. अज्ञानाची सबब एकदां मान्य केली कीं प्रत्येकजण आपल्या सोयीपुरता अज्ञानी होईल, आणि मग कायद्यास अर्थच उरणार नाहीं. परंतु या तत्त्वाच्या पोटांत एक अट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती अट अशी कीं, ज्याला कायदा जाणून घ्यावयाचा असेल त्याला तो जाणून घेतां आला पाहिजे. दवंडी पिटल्यानंतर ज्यानें कान झांकून घेतले त्यास खुशाल दंड करावा. पण दवंडी ऐकावयास येणाऱ्यापासून दारांत पैसे मोजून घेतले, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न आम्ही केवळ वादासाठीं उपस्थित करीत नाहीं. ज्या छपराखालीं आपलीं मुलेंबाळें आणि वृद्ध माणसें निजतात, त्या छपराशीं त्याचा संबंध आहे. आपल्या राज्यांत घर बांधण्याची परवानगी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालीं मिळते. त्याच अधिनियमाखालीं केलेली एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्यें राज्याच्या बहुतेक भागास लागू झाली. ही नियमावली कोणासही पाहतां येते. घराभोंवतीं किती जागा सोडावी, किती मजले चढवावे, हें तींत सांपडतें. पण घर किती बळकट असावें, हें पाहूं गेल्यास तेथें दुसऱ्या ग्रंथाकडे बोट दाखविलेलें आढळतें. तो ग्रंथ म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहिता, ज्यास सर्वजण नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतात. ही संहिता प्रथम १९७० सालीं निघाली. पुढें १९८३, २००५ आणि २०१६ सालीं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ती उघडावी तर ती आणखी पुढें बोट दाखविते: काँक्रीटसाठीं अमुक क्रमांकाचें भारतीय मानक पाहा, भूकंपासाठीं तमुक क्रमांकाचें पाहा.

हीं मानकें भारतीय मानक ब्यूरो तयार करतो. प्रेशर कुकरवर किंवा विजेच्या इस्त्रीवर जो ‘आय. एस. आय.’ छाप आपल्या गृहिणी पाहून घेतात, तो याच संस्थेचा. १९४७ सालीं भारतीय मानक संस्था या नांवानें ती सुरू झाली, आणि १९८७ सालीं कायद्यानें तिचें ब्यूरोंत रूपांतर झालें. येणेंप्रमाणें कायदा नियमावलीकडे, नियमावली संहितेकडे आणि संहिता मानकाकडे बोट दाखविते. ज्या वाक्यावर घराचें तगणें अवलंबून, तें वाक्य या सांखळीच्या अगदीं शेवटच्या दुव्यांत असतें. आणि हा शेवटचा दुवा पुष्कळ वर्षें विकत घ्यावा लागत असे.

आमचा या विषयाशीं संबंध कसा आला तें सांगतों. आमचें बिऱ्हाड साताऱ्यास आणि वडील बंधूंचा संसार सांगलीस, गांवभागांत. २००५ च्या पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी त्या घरांत शिरलें. पाणी ओसरल्यावर दादांनीं ठरविलें कीं, मागील पडका भाग उतरवून तेथें काँक्रीटचे दोन मजले उभारावे, म्हणजे पुढील प्रसंगीं वृद्ध माणसें आणि धान्यधुन्य वर नेतां येईल. दादांच्या फंडाचे पैसे, आमची शिल्लक आणि आमच्या मातोश्रींच्या पाटल्या, एवढें त्या कामासाठीं एकत्र झालें. एकत्र कुटुंबांत असा पैसा एकदांच उभा राहतो. तो चुकीच्या ठिकाणीं पडला तर दुसरी संधि नसते.

२००६ च्या आरंभीं कंत्राटदार नकाशा घेऊन आले. ते दादांस म्हणाले, “सगळें कोडप्रमाणें आहे, दादासाहेब, काळजी नको.” मास्तरकीचा स्वभाव, त्यामुळें आम्ही विचारलें, “हें कोड म्हणजे काय? आम्हांस एकदां पाहावयास मिळेल काय?” कंत्राटदार हंसले. “गुरुजी, तो ग्रंथ हजारों रुपयांचा! तो आमच्याजवळही नाहीं. इंजिनियरसाहेबांना सगळें पाठ असतें.” इंजिनियरांस विचारलें, तेव्हां त्यांनीं सरळपणें सांगितलें कीं, आपण महाविद्यालयांत शिकलों त्या पाठ्यपुस्तकांतील कोष्टकांवरून काम करतों, मूळ मानकें विकत घेऊन ठेवणें लहान व्यवसायास परवडत नाहीं. त्यांचा यांत फारसा दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं. वहिनी माजघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी, पत्रिका सुद्धां आपण दोघांतिघांना दाखवतों, आणि ज्याच्याखालीं जन्मभर निजायचें, त्याची पोथी कोणीच वाचलेली नाहीं?”

वहिनींच्या त्या प्रश्नावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. शेवटीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत बसावयास मिळालें. दोन दुपारीं आम्ही तीं मानकें चाळलीं. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि तेथील भाषा मोठी कसलेली; पण आकृत्या स्पष्ट होत्या, त्या आम्ही वहींत उतरून घेतल्या. त्यांपैकीं एक आकृति आम्हांस जन्मभर विसरतां येणार नाहीं.

काँक्रीटच्या खांबांत उभ्या सळया असतात आणि त्यांच्याभोंवतीं ठराविक अंतरावर लोखंडी कड्या बांधतात. कामावर त्यांस ‘रिंगा’ म्हणतात. रिंगेचीं दोन टोकें जेथें मिळतात तेथें तीं दुमडावीं लागतात. आपल्याकडील मिस्त्री तीं बहुधा काटकोनांत, म्हणजे ९० अंशांत दुमडीत. भूकंपाच्या प्रदेशांतील काँक्रीटच्या सांगाड्यांसंबंधींचें जें मानक १९९३ सालीं निघालें, त्याचा क्रमांक १३९२०. तें सांगतें कीं, टोकें १३५ अंशांत दुमडून खांबाच्या गाभ्यांत वळविलीं पाहिजेत. कारण अगदीं साधें आहे. धरणी हादरूं लागली कीं खांबावरील काँक्रीटची बाहेरची साल प्रथम निखळते. टोकें काटकोनांत असतील तर तीं त्या सालीबरोबर मोकळीं होतात, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. टोकें गाभ्यांत रुतलेलीं असतील तर साल गेली तरी रिंग धरून राहते, आणि घरांतील माणसांस बाहेर पडावयास अवधि मिळतो.

ती वही आम्ही मिस्त्र्यास दाखविली. त्यानें आकृति नीट निरखली, एक रिंग उचलली, टोकास आणखी थोडा पीळ दिला आणि म्हणाला, “गुरुजी, हे आमाला आजवर कुणी दावलंच न्हाई. दावलं असतं तर केलं असतं की. सळी तीच, हातबी त्योच.”

वाचकहो, या चार शब्दांतच आमच्या लेखाचें सार आहे. सळई तीच होती, हातही तेच होते. उणें होतें तें एक ज्ञान. तें पाळावयास जवळजवळ कांहींच खर्च नव्हता. खर्च होता तो तें वाचावयास. ज्याचें पालन स्वस्त त्याचें वाचन महाग ठेवावें, याहून उलटी व्यवस्था कोणती असूं शकेल?

कोणी म्हणेल कीं, आपल्या बाजूस भूकंपाचें एवढें भय कशाला? सातारकरांनीं तरी हा प्रश्न विचारूं नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेस कोयनेचा भूकंप झाला तेव्हां आम्ही सात वर्षांचे होतों. वाड्यांतील फडताळांतलीं भांडीं आपोआप खणखणूं लागलीं आणि आजोबांनीं आम्हां सर्व मुलांस उचलून अंगणांत आणलें, एवढें आम्हांस स्पष्ट आठवतें. तिकडे पाटण तालुक्यांत कोयनानगर उद्ध्वस्त झालें. पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. दख्खनचें पठार म्हणजे अचल खडक, अशी तोंपर्यंत विद्वानांचीही समजूत होती. भूकंपाच्या मानकाबरोबर धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा असतो. १९६६ च्या नकाशांत कोयनेचा भाग अगदीं कमी धोक्याच्या पट्ट्यांत घातलेला होता. पुढच्याच वर्षीं तेथें धरणी फाटली, आणि १९७० च्या नकाशांत तोच भाग चौथ्या पट्ट्यांत गेला.

हाच पाठ पुन्हां एकदां, आणि फार मोठ्या किंमतीस, शिकावा लागला. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपूर्वींच किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि हजारों माणसें गाडलीं गेलीं. तो प्रदेशही नकाशांत सर्वांत कमी धोक्याचा म्हणून दाखविलेला होता. तेथील घरांच्या दगडी भिंती चांगल्या दोन-दोन हात रुंद, वर मातीचें जड छप्पर. पण त्या भिंतीचीं आंतलें आणि बाहेरचें अशीं दोन्ही तोंडें एकमेकांस जोडणारे आरपार दगड नव्हते. मध्यें नुसता माती-दगडांचा भराव. हादरा बसतांच तोंडें फांकलीं आणि छप्पर खालीं आलें. असे आरपार दगड किती अंतरावर घालावे, दारांच्या माथ्यावरून भिंतीभोंवतीं पट्टा कसा फिरवावा, हें सांगणारें मानकही १९९३ सालचेंच आहे. त्याचा क्रमांक १३८२८. २००२ सालीं नकाशांतील पहिला पट्टाच रद्द झाला. म्हणजे या देशांत बिनधोक असा भाग नाहीं, असें शास्त्रानें मान्य केलें.

नकाशा बदलणें हें शास्त्राचें भूषणच आहे. पण तो बदलला हें ज्याच्या घराखालची जमीन त्यांत दाखविली आहे, त्यास कसें कळावें? शेतकऱ्यास पाटबंधाऱ्याची पाळी कळते, बाजारभाव कळतो. आपलें गांव एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत गेलें, हें मात्र विकत घ्यावयाच्या पुस्तकाच्या पानावर राहावें, हें आम्हांस फार विपरीत वाटतें.

या बाबतींत आपल्या न्यायालयांनीं मूळ तत्त्व फार पूर्वीच घालून दिलेलें आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळानें १९२३ सालीं अफूसंबंधीं एक कायदा ठरावानें मंजूर केला. पण तो राजपत्रांत छापला नाहीं, कीं अन्य मार्गानें लोकांस कळविला नाहीं. पुढें हरला नांवाच्या मनुष्यास त्या कायद्याखालीं पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९५१ सालीं न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं निकाल दिला कीं, जो कायदा लोकांपर्यंत पोंचविलाच नाहीं तो लोकांवर बंधनकारक नाहीं. हे न्यायमूर्ति बोस त्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. दंड पन्नास रुपयांचा, पण तत्त्व अमोल.

परदेशांतही हा वाद अलीकडे बराच गाजला आहे. अमेरिकेंत टेक्सास राज्यांतील ॲना व सॅव्हॉय या दोन लहान गांवांनीं एका खाजगी संस्थेनें रचलेली बांधकामाची संहिता आपला कायदा म्हणून स्वीकारली. पीटर व्हीक नांवाच्या गृहस्थांनीं ती इंटरनेटवर सर्वांसाठीं ठेवली, तेव्हां आपल्या स्वामित्वहक्काचा भंग झाला अशी तक्रार त्या संस्थेनें केली आणि वाद कोर्टांत गेला. २००२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें व्हीक यांच्या बाजूनें निकाल दिला: संहिता एकदां कायदा झाली कीं, कायदा या नात्यानें ती सर्वांची. युरोपांत खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकांवरून असाच प्रश्न निघाला, आणि मार्च २०२४ मध्यें युरोपीय संघाच्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, कायद्याचें अंग बनलेलीं मानकें लोकांस पाहावयास मिळण्यांत वरचढ असें लोकहित आहे.

या दुसऱ्या लढ्याच्या मागें जे गृहस्थ होते, त्यांचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. कार्ल मॅलमूड हे त्यांचें नांव. त्यांच्या संस्थेनें आपल्या ब्यूरोचीं सुमारें एकोणीस हजार मानकें पैसे देऊन मिळविलीं आणि इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. ब्यूरोस तें रुचलें नाहीं आणि पुढील मानकें देण्याचें त्यानें नाकारलें. तेव्हां २०१५ सालीं मॅलमूड यांनीं दोन भारतीय सहकाऱ्यांसह दिल्ली उच्च न्यायालयांत लोकहिताचा अर्ज केला. या चळवळीस त्यांनीं मानकांचा सत्याग्रह असें नांव दिलें, आणि सॅम पित्रोदा यांच्यासमवेत २०१८ सालीं ‘कोड स्वराज’ नांवाचें पुस्तकही प्रसिद्ध केलें. परक्या मनुष्यानें येऊन आपलेच दोन शब्द आपल्यास आठवून द्यावे, हें ऐकून कोणा महाराष्ट्रीयास किंचित् लाज आणि पुष्कळ कौतुक वाटणार नाहीं?

प्रतिपक्षाचें म्हणणेंही ऐकून घेणें न्यायाचें होईल. ते म्हणतात, मानक तयार करावयास तज्ज्ञांच्या समित्या बसतात, प्रयोग होतात, छपाई होते. हा खर्च कोठून काढावा? दुसरें, कोणीही नक्कल करूं लागला तर जुन्या आणि चुकीच्या आवृत्त्या फिरूं लागतील. तिसरें, सामान्य माणसास त्यांतील काय कळणार? अर्धवट वाचून तो इंजिनियराशीं हुज्जत मात्र घालील. यांपैकीं पहिल्या आक्षेपास उत्तर असें कीं, ब्यूरोचें मुख्य उत्पन्न मानकांच्या विक्रीचें नसून छाप वापरण्याच्या शुल्काचें आहे. आणि तसें नसतें तरी जो खर्च कायद्यासाठीं होतो तो सरकारी खजिन्यांतूनच व्हावा. विधिमंडळ चालविण्याचा खर्च आपण कायद्याच्या प्रती विकून काढीत नाहीं. दुसऱ्या आक्षेपास उत्तर त्या आक्षेपांतच आहे: खरी प्रत सहज मिळूं लागली कीं खोटी कोण शोधील? तिसऱ्याविषयीं मात्र थोडें सविस्तर बोललें पाहिजे. कारण त्यांत सत्याचा अंश आहे.

आज परिस्थिति पालटली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. ब्यूरोनें आपलें धोरण बदललें असून त्याच्या संकेतस्थळावर नांव नोंदविल्यास बहुतेक भारतीय मानकें विनामूल्य उतरवून घेतां येतात. आमच्या पुतण्यानें १३९२० क्रमांकाचें मानक दोन वर्षांपूर्वीं घरबसल्या काढून आम्हांस दाखविलें. जें पाहावयास आम्हांस ओळख काढावी लागली आणि दोन दुपारी खर्ची घालाव्या लागल्या, तें चहा निवण्यापूर्वी समोर आलें. दार उघडलें आहे. पण उंबरठा अद्यापि उंच आहे, आणि तो उंबरठा भाषेचा आहे.

मानकाची भाषा ही सूत्राची भाषा आहे. थोडक्या शब्दांत पुष्कळ अर्थ, एका कलमाचा आधार दुसऱ्या कलमांत, आणि तेंही इंग्रजींत. ज्यांनीं संस्कृताचें थोडेंबहुत अध्ययन केलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, सूत्र कधीं एकटें चालत नाहीं; त्याच्याबरोबर भाष्य लागतें, आणि भाष्य लोकांच्या भाषेंत नसेल तर तें पंडितांच्या पडवींतच राहतें. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेचा अर्थ मराठींत आणला, त्यापूर्वी गीता कोणी दडवून ठेवलेली नव्हती. ती उघडीच होती, परंतु बहुजनांस बंद होती. ब्यूरोच्या मानकांची आज हीच अवस्था आहे. खांबाची रिंग वळविणारा मिस्त्री मराठी वाचतो, घराचा मालक मराठी वाचतो. त्या दोघांच्या हातांत देतां येईल असें चार पानांचें, आकृत्यांसह, सोप्या मराठींतील भाष्य हवें आहे. तें रचणें हें सरकारचें आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचें काम आहे. सांगलीस १९४७ पासून वालचंद महाविद्यालय आहे, कऱ्हाडास १९६० पासून शासकीय महाविद्यालय आहे. या भूमींत विद्वत्तेची वाण नाहीं.

सामान्य माणसास काय कळणार, असें म्हणणाऱ्यांनीं किल्लारीनंतरची हकीकत पाहावी. पुनर्वसनाच्या काळांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गांवोगांवच्या स्त्रियांस संवाद सहायक म्हणून नेमण्यांत आलें. भिंत मजबूत कशी करावी, आरपार दगड कोठें घालावा, हें त्या स्वतः शिकल्या आणि शेजारणींस त्यांनीं तें समजावून दिलें. आमच्या सांगलीच्या मिस्त्र्यास आणि त्या गांवांतील स्त्रियांस जें समजलें, तें सुशिक्षित घरांतील यजमानास समजणार नाहीं, असें मानण्यास कांहींच कारण दिसत नाहीं.

आणि उघडें माप लोक कसें वापरतात हें पाहावयाचें असेल तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पावसाळ्यांत एक दिवस उभें राहावें. तेथें कृष्णेच्या पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हें सांगलींतील शाळकरी पोरासही तोंडपाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी साडेसत्तावन फुटांच्या आसपास चढलें. आमच्या दादांच्या घरचीं माणसें पाणी दारीं येण्यापूर्वीच मिरजेस आप्तांकडे निघून गेलीं होतीं. कोणी तज्ज्ञानें येऊन सांगितलें म्हणून नव्हे, तर आकडा कानीं आला आणि त्याचा अर्थ घरांतील प्रत्येकास कळत होता म्हणून. पण त्याच घराचा पुढील भाग नव्यानें बांधतांना जोतें किती उंच घ्यावें हा प्रश्न निघाला, तेव्हां अनुभव उलट आला. २०२० ची नियमावली सांगते कीं, निळ्या आणि लाल पूररेषांच्या मधील जागेंत बांधावयाचें तर लाल रेषेच्या पातळीवर किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारें दीड फूट, उंची ठेवावी. नियम स्पष्ट आहे. पण आमच्या बोळांत ती लाल पातळी नेमकी कोठें येते, हें कळावयास पुतण्यास एका कार्यालयाच्या पांच खेपा घालाव्या लागल्या. पुलावरचें माप सर्वांस ठाऊक आणि बोळांतलें माप कपाटांत! तें प्रत्येक चौकांतील एकाद्या भिंतीवर तांबड्या रंगानें रेखून कां ठेवूं नये?

आमच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीचीं मापें सांगितलीं आहेत. चितीच्या रचनेसाठीं जें ‘पुरुष’ नांवाचें माप घेतात, तें हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीवरून ठरवितात. रचना करणारे ऋत्विज जाणते असत; पण माप यजमानाच्या देहाचें. त्यामुळें वेदी मापांत आहे कीं नाहीं, हें ज्याच्यासाठीं ती रचली त्यास आपण होऊन कळत असे. घरासही आपण वास्तु म्हणतों, त्याची शांति करतों, दिशा आणि मुहूर्त पाहण्यासाठीं जाणत्यांस बोलावितों. तें सर्व ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणें व्हावें. परंतु स्वयंपाकघर आग्नेयेस आहे कीं नाहीं हें पाहणाऱ्या यजमानानें खांबांतील रिंगेचें टोक कोणत्या दिशेस वळलें आहे हेंही एकदां पाहावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.

ज्या कुटुंबांत यंदां किंवा पुढील वर्षीं घराचें काम निघावयाचें असेल, त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. कंत्राटाच्या कागदावर नुसतें ‘कोडप्रमाणें’ असें लिहूं न देतां मानकाचा क्रमांक आणि आवृत्तीचें साल लिहवून घ्यावें, आणि तें मानक उतरवून घरीं ठेवावें. खांबांत काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशीं घरांतील कर्त्या माणसांनीं, आणि विशेषतः स्त्रियांनीं, रिंगा स्वतः पाहाव्या. काँक्रीट पडल्यावर त्या कोणासच दिसणार नाहींत. आणि नदीकांठीं घर असल्यास पूररेषेची पातळी तोंडीं न ऐकतां लेखी मागून घ्यावी. यांत इंजिनियराचा अविश्वास नाहीं. चांगला वैद्य रोग्यास औषधाचें नांव सांगावयास कचरत नाहीं, आणि चांगला इंजिनियरही कचरणार नाहीं. आमचा अनुभव तर असा आहे कीं, विचारणारा यजमान मिळाला कीं प्रामाणिक कारागिराचें काम सोपें होतें.

सरकारकडे आमचें मागणें याहून मोठें नाहीं. जें पाळावयास सांगतां तें मराठींत द्यावें, आणि तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयांत एक प्रत ठेवावी. तेथें वर्तमानपत्रें वाचावयास जे चार पेन्शनर रोज येतात, ते ती नक्की उघडतील आणि घरीं जाऊन चारचौघांस सांगतील. कायद्याचें अज्ञान ही सबब होऊं शकत नाहीं, हें तत्त्व मग सर्वांस सारख्याच हक्कानें सांगतां येईल.